एका श्वासात एकोणीस

आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाने मला एका रविवारी भाषणाला उभं केलं. विषय होता 'संकटातून यशाकडे'. हळदीकुंकू झालं की दहा मिनिटं बोलायचं, मग वाण आणि मसाला दूध. मी पुढे गेले, नमस्कार केला, आजाराचं नाव सांगितलं, दवाखान्यात किती दिवस होते ते सांगितलं, आणि पुढे काही सुचेचना. समोरच्या एक काकू मदतीला धावल्या. म्हणाल्या, "मंगल, एवढी मनाची ताकद तू आणलीस कुठून, तेवढं सांग." मी म्हटलं, मला खरंच माहीत नाही. त्यावर टाळ्या पडल्या. माझा तो विनय आहे असं सगळ्यांना वाटलं.

विनय कसला? खरोखर माहीत नव्हतं. अजूनही नाही. पण त्या दिवशी घरी जाताना जिन्यात एक बाई भेटली. तिच्या भावाला हाच आजार झाला होता आणि तो पलंगावर होता. तिने विचारलं, "ताई, पुढे काय काय होतं हो?" हा प्रश्न मला कळला. त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण जिन्यात उभं राहून देण्यासारखं नव्हतं. म्हणून हे लिहायला घेतलं. यातून कुणी धडा काढला तर तो त्यांनी आपल्या जबाबदारीवर काढावा.

मी कोण

मी मूळची लातूरकडची. लग्न होऊन मोशीत आले. नवरा सुनील भोसरीत एका वर्कशॉपमध्ये फिटर आहे, मुलगी समीक्षा तेव्हा नववीत होती. मी चाकणच्या एका कंपनीत तेव्हा अकरा वर्षं वायरिंगच्या लाइनवर होते. गाडीच्या बोनेटपासून डिकीपर्यंत वायरींची जी जुडी आतून फिरते ती आम्ही बायका बांधतो. माझ्याकडे पिना बसवायचं काम. वायरीच्या टोकाला एक बारीक पिन असते, ती प्लास्टिकच्या कनेक्टरच्या भोकात ढकलायची. नीट बसली की टक लागते. ही टक लाइनवरच्या गोंगाटात कानाला ऐकू येत नाही, ती बोटाच्या पेराला कळते. टक न लागलेली पिनही वरून अगदी बसल्यासारखीच दिसते. मग दोन महिन्यांनी कुणाच्या तरी गाडीचा दिवा भर हायवेवर बंद पडतो.

म्हणजे कंपनीत माझी जी काही किंमत होती ती उजव्या हाताच्या त्या एका पेराची होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मला जी भीती वाटत राहिली ती जीवाची कमी आणि या पेराची जास्त होती. असं का, ते विचारू नका.

बूट

सुरुवात तळपायाला मुंग्या येण्यापासून झाली आणि मी सगळं खापर बुटांवर फोडलं. त्याच आठवड्यात कंपनीने नवे सेफ्टी शूज वाटले होते. पुढे लोखंडी वाटी असलेले, जड. बायकांच्या मापाचे कधीच नीट येत नाहीत. माझा नंबर सहा, वाट्याला पाच आले. लाइनवर दहाजणींचे पाय दुखत होते, त्यात माझे अकरावे. शेजारच्या स्टेशनवर रेश्मा असते, चाकणजवळच्याच एका गावची. ती म्हणाली, "नवीन बूट हाय, चावनारच. दे हिकडं, मी दोन दिवस घालून सैल करून देते." तिने माझे घातले, मला तिचे जुने दिले. मुंग्या घोट्याच्या वर चढल्या. मी म्हटलं, रेश्माचे बूट वापरून सैल झालेत, म्हणून चाल बिघडली असेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची बस आली आणि पायरीवर पाय चढेना. मी पायाला सांगत होते, चढ. तो ऐकत नव्हता. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. दोघींनी मला बगलेत धरून वर ओढलं. एकजण म्हणाली, मंगलचं वजन वाढलंय. सगळी बस हसली. मीसुद्धा हसले, आणि कामावर गेले! आजही हे आठवलं की स्वतःला दोन ठेवून द्याव्याशा वाटतात.

त्या दिवशी पिना हातातून गळायला लागल्या. आमच्या लाइनवर एक फळा असतो, त्यावर प्रत्येकीने दर तासाला किती काम झालं तो आकडा लिहायचा. आकडा कमी पडला तर तो कुणी तसाच लिहीत नाही. पुरा लिहून टाकायचा आणि पुढच्या तासात हात पळवून भरून काढायचा. ही सवय वाईट म्हणायची की चांगली, मला ठरवता येत नाही. अकरा वर्षं तिच्यावरच मी निभावलं. त्या दिवशी तीस झाले होते. मी पन्नास लिहिले. पुढच्या तासात वीस झाले.

संध्याकाळी घरचा जिना चढता येईना. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सुनीलने मला पाठुंगळी घेतलं. समीक्षा मागून माझी पर्स आणि रेश्माचे बूट घेऊन आली. 

हातोडी

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय उडाला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही थंड. मग घोटे, मग कोपर. प्रत्येक ठोक्याला मी ओशाळून हसत होते. शाळेत उत्तर आलं नाही की मी असंच हसायचे.

आजाराचं नाव लांबलचक आहे, लोक जीबीएस म्हणतात. सुनीलने ते नाव तळहातावर लिहून घेतलं. मी काय काम करते ते डॉक्टरांनी विचारलं आणि सोपं करून सांगितलं. शरीरातल्या नसा म्हणजे वायरी, त्यांच्यावर आवरण असतं, आणि माझ्या शरीराची पहारेकरी फौजच चुकून ते आवरण सोलत सुटली होती. पायापासून सुरू होतं, वर वर चढतं, कुठे थांबेल ते आज सांगता येत नाही, पण बहुतेक माणसं यातून बरी होतात. एवढं सगळं ते एका दमात बोलले. मला फक्त "वर चढतं" एवढंच ऐकू आलं. मी विचारलं, बोटांपर्यंत येईल का? ते माझ्या हाताकडे बघत म्हणाले, "आलंय."

का झालं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. माझी आई गावाहून आली आणि तिने नजर काढली. सासूबाईंनी फोनवर पाणीपुरीला दोष दिला. सुनील सोसायटीच्या टाकीवर चढून पाणी बघून आला. दोन आठवडे आधी आमच्या घरात तिघांनाही जुलाब झाले होते, त्यातून असं होऊ शकतं असं डॉक्टर म्हणाले. मग तिघांतून मलाच का? ते नक्की सांगता येत नाही म्हणे. कंपनीत एखादा पार्ट रिजेक्ट झाला की पाच वेळा 'का' विचारून मुळापर्यंत जायची पद्धत आहे. मी पलंगावर पडून ती लावून बघितली. दुसऱ्याच 'का'ला अडकले.

मोजणी

अतिदक्षता विभागात मला पाच दिवस सलाईनमधून एक महागडं औषध देणार होते. तिथे दिवस कधी उगवतो ते कळत नाही. सकाळचा चहा आला की सकाळ, एवढंच. पायात जीव नाही, हात मनगटापासून लोंबतात, नाकाला खाज सुटली तर सिस्टरची वाट बघायची. मला भीती वाटत होती का? कशाची वाटायला हवी तेच ठरत नव्हतं, त्यामुळे मी छताच्या चौकटी मोजायचे. त्यासुद्धा दर वेळी वेगळ्या यायच्या.

मुख्य भीती श्वासाची होती. ती डॉक्टरांना होती, मला नव्हती, कारण मला त्यातलं काही समजतच नव्हतं. फौज वर चढत छातीपर्यंत आली तर श्वासाचे स्नायू थकतात. ते बघायची एक साधी युक्ती होती. मोठा श्वास घ्यायचा आणि त्या एका श्वासात जितके आकडे मोजता येतील तितके मोठ्याने मोजायचे. पहिल्या दिवशी मी चोवीसपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी अठरा. तिसऱ्या दिवशी पंधरा. बाकीच्याही तपासण्या होत होत्या, पण मला कळायचा तो हाच आकडा. दहाच्या आसपास आला तर घशात नळी घालून मशीन लावावं लागेल, असं डॉक्टरांनी सुनीलला बाहेर सांगितलं. हे मला कळू देऊ नये, असंही बजावलं असणार. पण सुनीलच्या पोटात काही राहत नाही. भेटायच्या वेळेत तो आला आणि त्याने मला सगळं सांगून टाकलं. वर म्हणाला, "तू लई हिंमतीची हायस. वाढव की आकडा."

मी काय करावं? मी आकडा वाढवला.

चौथ्या दिवशी मी भरभर मोजलं. एकदोनतीनचार, मध्ये फट नाही. सतरा झाले. नव्या शिफ्टचे डॉक्टर घाईत होते, त्यांनी लिहून घेतलं. पाचव्या दिवशी आणखी पळवलं, एकोणीस. सुनीलने लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, 'आज एकोणीस!' चाळीस माणसांनी हात जोडले, अंगठे दाखवले, कुणी वाघाचं चित्र पाठवलं. त्याने फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि सगळे निरोप एकेक करून वाचून दाखवले. कितीतरी दिवसांनी तो हसला होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, आणि त्यात ते हसू. ते बघून मला वाटलं, उद्या एकवीस करायला पाहिजेत.

मी फसवते आहे असं माझ्या मनातही आलं नाही. ही गोष्ट मला अजून नीट उलगडलेली नाही. फळ्यावर आकडा पुरा लिहायचा, मग तो भरून काढायचा. हात नाही तर श्वास. मी माझं नेहमीचंच काम करत होते.

खोटा आकडा

पाचव्याच दिवशी दुपारी सुनील गेल्यावर मी एकटीच सराव करायला घेतला. उद्याचे एकवीस करायचे म्हणून. पण सरावात पळवायचं कशाला, म्हणून सावकाश मोजलं. नऊला श्वास संपला. पुन्हा घेतला. आठ. मला वाटलं मोजण्यात चूक झाली. तिसऱ्यांदा घ्यायला गेले तर श्वास पुरता आत येईचना, अर्ध्यावरच थांबला. तेव्हा कुठे मला कळलं की वर चढत आलेली ती गोष्ट आता छातीत होती आणि हे माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं, कारण मीच ते लपवलं होतं.

आता सांगायचं तर एकोणिसांचं काय? ग्रुपवरच्या वाघाचं काय? हसू नका, मी खरोखर हा विचार केला. दोनएक मिनिटं केला असेल. शेजारच्या पलंगाची सलाईन बदलून सिस्टर माझ्याकडे वळल्या आणि माझ्या तोंडून निघालं, "सिस्टर, सकाळचा आकडा खोटा आहे."

त्या रागावल्या नाहीत. पलंगाच्या दांडीवर बोटाने एकसारखी टिचकी मारायला लागल्या. म्हणाल्या, "माझ्या टिचकीवर मोजा. पुढं पळायचं नाही." मी सहापर्यंत गेले. सातवा ओठांवर राहिला. सिस्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "बरं झालं बोललात," म्हणाल्या, आणि झपझप चालत गेल्या. त्यांना इतकं भराभर चालताना मी आधी पाहिलं नव्हतं.

अर्ध्या तासात मशीन लावलं. डॉक्टर नंतर म्हणाले की वेळेत कळलं म्हणून सगळं शांतपणे करता आलं, आणखी उशीर झाला असता तर धावपळ झाली असती. धावपळ म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

नळी

अकरा दिवस मशीन होतं. यातलं मला काय आठवतं आणि काय मी नंतर जोडलं, ते सांगता येणार नाही. मला वाटायचं मी बसमध्ये आहे आणि बस चाकणच्या कांदा मार्केटपाशी अडकली आहे. मशीनचा बीप झाला की वाटायचं लाइन बंद पडली, कुणीतरी बटण दाबा. एकदा तर सिस्टर मला पाच नंबरचे बूट घालताहेत अशी माझी पक्की खात्री होती. बोलता येत नव्हतं. एकदा डोळे मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. समीक्षाने एका पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून आणली होती. ती एकेक अक्षरावर बोट ठेवायची आणि मी डोळे मिटायचे. पहिला शब्द जुळवायला बराच वेळ गेला. आईला काहीतरी महत्त्वाचं सांगायचंय म्हणून ती पोर जीव मुठीत धरून बघत होती. शब्द निघाला 'दाढी'. मला म्हणायचं होतं, बाबांना दाढी करायला सांग.

धीर मला कुणी दिला, असं विचारलं तर मोठं नाव घेता येणार नाही. तिथे पेशंटचं आवरणाऱ्या एक मावशी होत्या. केस विंचरताना त्या कधी ओढायच्या नाहीत. गुंता आला की थांबायच्या, बोटांनी सोडवायच्या. त्या अकरा दिवसांत मी त्यांचीच वाट बघायचे.

वाघीण

नळी निघाली. पुसटसा आवाज परत आला. तेव्हा सुनीलने विषय काढला. सिस्टरांकडून त्याला आकड्याची गोष्ट कळली होती आणि तो ती इतके दिवस पोटात घेऊन बसला होता. त्याच्या बाबतीत हा विक्रमच.

"मी सगळ्या गावाला सांगितलो, माझी बायको वाघीण हाय म्हणून," तो म्हणाला. "मला बी फसवलीस."

मी म्हटलं, तूच म्हणालास आकडा वाढव.

त्याने भाताचं ताट जवळ ओढलं. मग म्हणाला, "तू मेली असतीस तर ते एकोणीस घेऊन मी काय केलो असतो?"

मी आयुष्यात त्याला रडताना दोनदा पाहिलंय, त्यातली ही दुसरी वेळ. पहिली त्याचे वडील गेले तेव्हाची. आम्ही भांडलो नाही, समेटही केला नाही. त्याने मला चमच्याने भात भरवला. दाढी केलेली नव्हती. पुढे कितीतरी दिवस आमच्यात ते तसंच लोंबकळत राहिलं. तो कामावरून यायचा, मला आंघोळ घालायचा, पाय चोळायचा आणि मोजकं बोलायचा. मी 'बरं वाटतंय' म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघत राहायचा, खरं की खोटं. बरं वाटणं कसं सिद्ध करायचं ते मला कळायचं नाही.

साध्या वॉर्डात आल्यावर रेश्मा भेटायला आली. तोंडाला फडकं बांधून दारातच उभी. म्हणाली, "खरं सांगते मंगलताई, मी भ्याले व्हते. तुजे बूट माज्याच पायात व्हते न्हवं." तिलाही मुंग्या आल्या होत्या, कारण बूट खरोखरच चावत होते. ती डॉक्टरकडे गेली, त्यांनी बूट बदलायला सांगितले. तिने घाबरून ते परसात जाळले. कातडं जळलं, लोखंडाच्या दोन वाट्या तेवढ्या उरल्या. स्टोअरमध्ये काय सांगितलंस, मी विचारलं. "हरवले म्हनून." मी हसले, आणि हसताना खोकला आला, आणि तो खोकला इतका जोरदार होता की सिस्टर बघायला आल्या. जोरदार खोकला म्हणजे छाती सुधारली, त्या म्हणाल्या. रेश्मा फडकं काढून पलंगावर बसली.

घर

घरी आल्यावर बरं होण्याचं जे काम सुरू झालं त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. तेच तेच असतं. भिंत धरून गॅलरीपर्यंत. मग भिंत न धरता. चिंचवडच्या फिजिओ मॅडमनी बोटांसाठी तांदळात मटकी मिसळून वेचायला दिली. ती मी पहिल्या दिवशी दोन तास वेचली आणि सोळा दाणे निघाले. राग येऊन ताट ढकललं. समीक्षाने सगळं गोळा केलं, मटकी वेगळी करून भिजत घातली, आणि दुसऱ्या दिवशी उसळ झाली.

तुम्हाला हे होऊन गेलं असेल किंवा घरात कुणी त्यात असेल, तर एक सांगते. कुठलाही दिवस कालच्यापेक्षा चांगला असेलच असं धरून चालू नका. मला मंगळवारी जे जमायचं ते गुरुवारी जमायचं नाही. का ते फिजिओ मॅडमनाही नीट सांगता यायचं नाही. सगळे म्हणायचे, हिंमत ठेव. ठेवायची कुठे, तेही कुणीतरी सांगायला हवं होतं. माझ्याकडे मुळात होती की नाही इथूनच सुरुवात. मी फक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट पुढे ओढत होते, कारण घरात बसून दुसरं काही करता येत नव्हतं.

पाय परत आले. चालायला लागले, जिना उतरले, चढले. हात परत आले, चहाचा कप धरला, पोळी लाटली, वेडीवाकडी का होईना. पण उजव्या हाताचं ते बोट पेरापाशी बधिर राहिलं. जाड हातमोजा घातल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, येईल, वर्षही लागेल, क्वचित येतही नाही.

चाळीस

नऊ महिन्यांनी मी कामावर परत गेले. इतके दिवस बाहेर असलेल्या बाईला थेट लाइनवर घेत नाहीत. आधी नव्या मुलींना शिकवायच्या खोलीत परीक्षा द्यावी लागते. त्या खोलीला डोजो म्हणतात, का ते कुणी सांगितलेलं नाही. आठ मिनिटं, चाळीस पिना, कानात बोळे घालायचे म्हणजे टक कानाला ऐकू येणार नाही, बोटानेच ओळखायची. घंटा वाजली की हात वर. मग शिकवणारे काळे सर प्रत्येक पिन ओढून बघतात. चाळीसच्या चाळीस बसलेल्या असल्या तर पास. नाही तर पॅकिंगला, खोकी चिकटवायला. पॅकिंग वाईट नाही, तिथेही बायका संसार चालवतात. पण माझी अकरा वर्षं त्या पेरात होती.

पहिल्या शनिवारी मला वाटलं चाळीसही बसल्या. सरांनी ओढल्या. नऊ हातात आल्या. कुठल्या नऊ ते मला सांगता आलं नसतं, मला सगळ्या सारख्याच लागल्या होत्या. काळे सर भला माणूस. पेन हातात धरून म्हणाले, "ताई, मी चाळीस लिहितो. तुमचा हात काय मला माहीत नाही का? लाइनवर गेलात की येईल आपोआप."

मी नको म्हटलं. सुनीलला सांगितलं तेव्हा त्याने आधी कपाळावर हात मारला. आयता मिळालेला आकडा सोडला म्हणून. मग माझ्याकडे बघितलं आणि कपाळावरचा हात काढला. म्हणाला, "एकतीस तर एकतीस." मीही ते काही तत्त्वासाठी केलं नव्हतं. मला नुसती भीती वाटली होती आणि तोंडातून नको निघून गेलं.

मी पॅकिंगला लागले. दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत डोजोत जाऊन परीक्षा द्यायची परवानगी सरांनी काढून दिली. एकतीस, तेहतीस, मग तीस! तीस का? आठवडाभर मटकी वेचली होती, झोप नीट झाली होती. रेश्मा म्हणाली, "व्हईल. आमी तुजं ठेसन कुनाला देत न्हाई." पण दिलं होतं, एका नव्या बाईला दिलं होतं, आणि ती बरी करत होती. छत्तीस झाले. पुन्हा छत्तीस. प्रत्येक वेळी सर ओढायचे तेव्हा कळायचं की कुठली बसली नव्हती. माझं बोट काही सांगत नव्हतं, मी नुसती अंदाजाने जोर लावत होते. अशा हाताने चाळीस जरी झाल्या तरी त्यांचा काय उपयोग, असं हळूहळू मला वाटायला लागलं होतं. एका शनिवारी मी जायचंच नाही असं ठरवलं, डबा संपवला, आणि मग गेले.

त्या दिवशी हात जरा बरा चालला होता. घंटा वाजली तेव्हा चाळिसावी पिन चिमटीत होती, अर्धी आत गेलेली. मी ढकलली, वरून ती बसल्यासारखीच दिसली, आणि हात वर केले. कानातले बोळे काढले. सर अजून टेबलापाशी यायचे होते.

मी म्हटलं, "शेवटची बसली नाही."

"ओढून तर बघू द्या," सर म्हणाले. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. एकेक ओढत गेले, एकेक जागच्या जागी राहिली. एकोणचाळीस झाल्या. चाळिसावी त्यांनी ओढली आणि ती अलगद बाहेर आली. त्यांनी पेन खाली ठेवलं. "एकीनं गेलं हो, ताई. जरा वेळ मिळाला असता तर."

मी रडायला लागले. सरांना वाटलं नापास झाले म्हणून रडते. ते पाण्याचा ग्लास घेऊन आले, पुढचा शनिवार आहेच म्हणाले.  मी माझं उजव्या हाताचं बोट त्यांच्यासमोर धरलं आणि कसंबसं म्हटलं, "सर, टक लागली नाही, ते मला कळलं."